डेस्कटॉप, जुना ५.१ रिसीव्हर आणि फोंड्याचे रिपेअरवाले काका : माझा अनुभव

गणेश चवथीच्या आधीचा अख्खा महिना माझा एकाच कामात गेला, घरच्या डेस्कटॉपला ५.१ सराउंड सिस्टीम जोडणे. (५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या आवाजासाठी एक सबवूफर, आणि ह्या सगळ्यांना आवाज वाटून देणारं यंत्र म्हणजे रिसीव्हर.) आता सगळं व्यवस्थित चालतंय, रोज वापरात आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दुकानात जे सांगितलं त्यातलं अर्धं चुकीचं निघालं आणि दोन वेळा केबलींवर फुकट पैसे गेले, तसे तुमचे जाऊ नयेत एवढ्यासाठी.

मुळात हे सगळं बाबांसाठी. आम्ही गोव्यात कवळ्याला राहतो, बाबा रिटायर्ड शिक्षक, तरुणपणी जत्रेतल्या नाटकांत कामं केलेली, आता दिवसभर डेस्कटॉपवर जुनी मराठी नाटकं आणि सिनेमे बघतात. दोनेक वर्षांपासून ऐकायला कमी येतं. मॉनिटरच्या बाजूला ते दोन छोटे स्पीकर होते ना, त्यातनं त्यांना संगीत ऐकू यायचं पण माणसं काय बोलतात ते नाही. कानामागे हात धरून पुढे वाकून बसायचे आणि मग आवाज एवढा वाढवायचे की आईला देवघरात बसवत नसे. मला कुणीतरी सांगितलं की ५.१ मध्ये मधला सेंटर स्पीकर असतो, संवाद मुख्यतः त्यातून येतात आणि तो एकटा वाढवता येतो. ते ऐकलं आणि ठरवलंच.

नवीन सेटच्या किमती आवाक्याबाहेर होत्या. फोंड्याला एक रिपेअरवाले काका आहेत, जुने ॲम्प्लिफायर, मिक्सर, भजनी मंडळांचे स्पीकर दुरुस्त करतात, त्यांच्याकडे एक वापरलेला रिसीव्हर होता. एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारी जोडणी) असलेला, ५.१, मागे सहा आरसीएचं, म्हणजे गोल ऑडिओ पिनांचं, मल्टी चॅनल इनपुटपण. तो ९,००० ला आणि पाच स्पीकर अधिक सबवूफर ७,००० ला. बिलावर स्वतःच्या हाताने सहा महिन्यांची गॅरंटी लिहून दिली. दुकानातच अर्धा तास लावून ऐकवला, प्रत्येक चॅनल वेगळा वाजवून दाखवला, सेकंड हँड घेताना हे कुणी करत नाही. केबल मात्र त्यांच्याकडे नव्हत्या, त्या मी पणजीला एका मोठ्या दुकानातून घेतल्या, आणि घोळ तिथून सुरू झाला.

त्या दुकानात सांगितलं तीन ऑक्स केबल घ्या, झालं काम. म्हणजे ३.५ एमएमच्या एका टोकाला दोन आरसीए, अशा तीन. कॉम्प्युटरच्या मागे हिरवा, काळा, केशरी असे जॅक असतात बघा, हिरवा पुढच्या दोन स्पीकरांचा, काळा मागच्या दोघांचा, केशरीतून सेंटर आणि सबवूफर. करड्या रंगाचा असेल तर तो ७.१ च्या बाजूच्या स्पीकरांसाठी. तुमच्या मदरबोर्डाला तीनच जॅक असतील तरी घाबरू नका, ड्रायव्हरमध्ये निळा आणि गुलाबी जॅक आउटपुट म्हणून बदलता येतात. हे सगळं मी रात्री जागून केलं, रियलटेकच्या (कॉम्प्युटरच्या साउंड ड्रायव्हरच्या) पॅनलमध्ये ५.१ निवडलं, टेस्ट दाबलं. पुढचे दोन ठीक, मागचे दोन ठीक, आणि सेंटरची पाळी आली तेव्हा आवाज आला सबवूफरमधून, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. केशरी जॅकमध्ये सेंटर आणि सब एकाच केबलीतून जातात आणि काही केबलींत ते उलटे येतात, एवढंच कारण. आरसीए अदलाबदल करा नाहीतर ड्रायव्हरमध्ये सेंटर-सब स्वॅपची टिक असते ती मारा. हे पाच मिनिटांत सुटलं.

सुटलं नाही ते हमिंग. काही लावलं नसताना सगळ्या स्पीकरांतून सलग घूंऽऽ, रात्री तर डोक्यात जायचं. त्या पणजीच्या दुकानात फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, कॉम्प्युटरच्या प्लगची वरची जाडी पिन काढून टाका, अर्थिंगमुळे होतंय. मी पक्कड हातात घेतली होती खरंच, पण मन धजेना म्हणून फोंड्याला काकांना फोन केला आणि बरं झालं केला. ते एकदम गंभीर झाले. "बाय, ती पिन तोडायची नाही हां. पावसाचे दिवस, तुमचं कोब्याचं घर, ओली जमीन. हम गेला तर माणूस पण जाईल." मग विचारलं रिसीव्हरला अजून काय काय जोडलंय. मी म्हटलं केबल टीव्हीचा बॉक्स. "त्याची मागची गोल वायर काढ, फोन चालू ठेव." काढली. घूं बंद. त्याच क्षणी, बटण दाबल्यासारखं.

कारण त्यांनी नंतर समजावून सांगितलं, ते साध्या शब्दांत असं की कॉम्प्युटर घराच्या अर्थिंगला जोडलेला आणि केबल टीव्हीची वायर बाहेर खांबाजवळ कुठेतरी वेगळ्याच अर्थला, दोन अर्थ एकाच ॲम्प्लिफायरमध्ये भेटले की त्यांच्यात थोडा फरक असतो आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर त्या वाटेने आवाजात शिरते. ग्राउंड लूप म्हणतात त्याला. म्हणून हम आला की आधी एकेक वायर काढून बघायची, कुठली काढल्यावर थांबतो ते. टीव्हीच्या वायरला लावायचा एक छोटा आयसोलेटर मिळतो, दोन अर्थ वेगळे ठेवणारा, तो नंतर लावला. पिन तोडा असं कुणी सांगितलं तर त्या माणसाचं पुढचं काहीच ऐकू नका, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

हम गेला पण आवाज तरीही भुक्कड. पातळ, अंग नसलेला. आता कळतं का ते. ॲनालॉग मल्टी चॅनल इनपुटमधून, म्हणजे त्या तीन ऑक्स केबलींनी, आवाज दिला की बहुतेक रिसीव्हर त्याच्यावर काहीच प्रक्रिया करत नाहीत, जसा आला तसा पुढे. छोट्या स्पीकरांना न झेपणारा खालचा आवाज काढून सबवूफरकडे वळवायचा, लांबच्या-जवळच्या स्पीकरांचा वेळ जुळवायचा, ही कामं रिसीव्हर डिजिटल सिग्नल आला तर करतो. म्हणजे ज्यासाठी रिसीव्हर घेतला तेच वापरात नव्हतं.

मग परत त्याच दुकानात गेले (चूक माझीच) आणि त्यांनी ऑप्टिकल केबल गळ्यात घातली, "मॅडम डिजिटल आहे, फुल ५.१ येणार". ऑप्टिकल वाईट नाही, १९८३ साली तोशिबाने काढलेली गोष्ट अजून चालते म्हणजे बघा, आणि त्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे हमचा प्रश्नच येत नाही. पण मेख अशी की त्या वाटेत जागा कमी. न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) आवाज दोनच चॅनलचा मावतो. ५.१ पाठवायचं तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये आधीच दाबलेला हवा. डीव्हीडीत तो तसाच असतो, त्यामुळे व्हीएलसी प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पासथ्रू (आवाज न उघडता तसाच पुढे पाठवणं) चालू केलं की रिसीव्हरवर डॉल्बीचं अक्षर उमटतं आणि सगळे स्पीकर बोलायला लागतात. मला वाटलं झालं काम. चवथीला ताई आली, भाचा आला, त्याने आल्या आल्या गेम लावला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "मावशी, मागून कोणी आलं तरी आवाज पुढूनच येतोय." बरोबर होतं पोराचं. गेमचा आवाज कॉम्प्युटर त्या क्षणी तयार करतो, तो त्याच क्षणी दाबणारं डॉल्बी डिजिटल लाइव्हसारखं काही बोर्डात असेल तरच ऑप्टिकलने ५.१ जातो, नाहीतर फक्त स्टिरिओ. आमच्या बोर्डात नाही. दुकानात हे कुणीही विचारलं नव्हतं, बोर्ड कुठला तेही नाही.

चवथ झाल्यावर काकांनाच घरी बोलावलं. व्हिजिटचे ५०० सांगितले, सकाळी साडेनऊची वेळ दिली आणि साडेनऊला गेटवर हजर, स्कूटरवर मागे लाकडी पेटी बांधलेली. आधी चहा नको म्हणाले, आधी बघू दे. कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च मारली, ग्राफिक्स कार्डकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ह्याच्यातून एचडीएमआय का नाही घेतलीस?" मी म्हटलं तिथे मॉनिटर आहे. "मॉनिटरला डिस्प्ले पोर्ट दे. एचडीएमआय मला दे."

तर हे ह्या सगळ्याचं सार समजा. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि रिसीव्हरला एचडीएमआय असेल तर दुसरा विचारच करू नका. २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून एचडीएमआयमधून न दाबलेले आठ चॅनल जाऊ शकतात. म्हणजे गेम असो, सिनेमा असो, सगळ्याचा ५.१ जसाच्या तसा. (डॉल्बी ट्रूएचडीसारखं ब्ल्यूरेवालं जड प्रकरण रिसीव्हरपर्यंत न उघडता पाठवायचं तर १.३ किंवा पुढची आवृत्ती लागते.) मॉनिटर मात्र जुन्या रिसीव्हरमधून फिरवून नेऊ नका, आमच्याकडचा १.४ चा आहे, त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमांवरच अडकतं, माऊस हलवला तरी कळतं. चित्र सरळ मॉनिटरला, आवाजाची वायर वेगळी रिसीव्हरला.

ह्यात एक अडचण येते ती आधीच सांगते. विंडोजला रिसीव्हर म्हणजे अजून एक मॉनिटरच वाटतो. त्यामुळे माऊस उजवीकडे नेला की तो त्या न दिसणाऱ्या पडद्यात निघून जातो, एकदा तर बाबांचं व्हीएलसीच तिकडे उघडलं आणि ते तासभर शोधत बसले. तो डिस्प्ले डिसेबल केला तर आवाजही जातो. काकांनी डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या दुसऱ्या पडद्याचा चौकोन ओढून खऱ्या पडद्याच्या कोपऱ्याला फक्त टोक टेकेल असा तिरका ठेवला. आता माऊस चुकूनच तिकडे जातो. आणि रिसीव्हर आधी चालू करायचा, मग कॉम्प्युटर, नाहीतर विंडोजला तो सापडत नाही आणि आवाज मॉनिटरकडे पाठवून मोकळा होतो. आईने रिसीव्हरवर १ आणि कॉम्प्युटरवर २ अशा चिठ्ठ्या चिकटवल्यात.

नंतरचे दोन तास मला ह्या पाचशे रुपयांत मिळाले त्याची किंमत कशी सांगू कळत नाही. जुन्या आरसीएच्या पिना त्यांनी बाहेर काढून दाखवल्या, हिरव्या पडलेल्या, देवाची पितळी समई कळकते ना तशा. आपल्याकडची हवा खारी आणि दमट, गोव्यात हे होणारच, म्हणाले, वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसायच्या. स्पीकरची वायर मी जोडली होती त्यात मागच्या डाव्या स्पीकरचं लाल-काळं उलटं झालेलं, त्यांनी ते न उघडता नुसतं ऐकून ओळखलं. दोन स्पीकर उलटसुलट फेजमध्ये असले, म्हणजे एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, की आवाज मधे बसत नाही, डोक्याच्या आजूबाजूला तरंगतो. वायरचं टोक दातांनी नाही, नखाएवढ्या छोट्या ब्लेडने सोलत होते, तांब्याचा एक केसही तुटू न देता, मग बोटांत पीळ देऊन आत सरकवायचं. माझी स्वस्तातली वायर खरवडली तर आतून पांढरी निघाली. वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. लांबच्या दोन स्पीकरांसाठी त्यांनी पेटीतली १४ गेजची अस्सल तांब्याची दिली, मीटरच्या भावाने.

मग जागा. खुर्चीपासून दोरी धरली. पुढचे दोन मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेपेक्षा थोडेसेच मागे. मी ते खोलीच्या मागच्या कोपऱ्यांत टांगले होते, सगळे तसंच करतात. आमच्या भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), ड्रिल लावलं की नुसता लाल भुगा येतो आणि पावसाळ्यात तर चिरा ओला असतो, म्हणून खिळे न मारता आईच्या दोन जुन्या लाकडी स्टुलांवर ठेवले, खाली रबर. सबवूफरची जागा शोधायची त्यांची रीत तर मला फार आवडली. सब उचलून बाबांच्या खुर्चीवर ठेवला, आणि स्वतः, वय साठच्या पुढे असेल, गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरले, जिथे खालचा आवाज स्वच्छ ऐकू आला तिथे खडूने फुली. सब नेऊन फुलीवर ठेवला, दाराच्या डावीकडे, कोपऱ्यापासून हातभर अलीकडे.

टेस्टसाठी काय लावू विचारलं तर म्हणाले, घुमट, म्हणजे आपलं मडक्याचं वाद्य. चवथीच्या आरतीचं माझ्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग होतं, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल), कांसाळें (झांजा). मोबाईलचं म्हणजे काही ग्रेट नाही, तरी घुमटाच्या मडक्यातली ती हवा, थाप पडल्यावर मागून येणारा गुंऽ असतो ना, तो खुर्चीत बसून पोटात जाणवला, आणि कांसाळें वरती स्वच्छ, एकात एक न मिसळता. आमचं छप्पर कौलारू आहे, खालचा आवाज फटीतून निघून जातो, स्लॅबच्या खोलीत हाच सब एवढा वाढवला तर गाजेल असं ते म्हणाले. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबकडे वळतो ती हद्द, ८० हर्ट्झवर ठेवला. प्रत्येक स्पीकरचं अंतर फुटांत भरलं, रिसीव्हरचा टेस्ट टोन लावून मोबाईलच्या मीटरवर सगळे ७५ डेसिबलला आणले आणि मग सेंटर एकटा तीन डेसिबल वर.

आणि तरीही बाबांचा जुना सिनेमा लावला तर सेंटर मुका! आवाज फक्त पुढच्या दोघांतून. मी एवढी हिरमुसले. काकाही मिनिटभर थांबले, मग रिसीव्हरच्या पाटीवर मल्टी असं आलेलं बघून म्हणाले, विंडोजचं साउंड उघड. तिथे मी ५.१ ठेवलं होतं. होतं असं की विंडोजला ५.१ सांगितलं की ते स्टिरिओ सिनेमासुद्धा सहा डब्यांच्या गाडीतून पाठवतं, चार डबे रिकामे. रिसीव्हरला वाटतं सहा चॅनल आलेत, तो हात लावत नाही. विंडोजला स्टिरिओ केलं की दोनच डबे येतात आणि मग रिसीव्हरचं डॉल्बी प्रो लॉजिक २ कामाला लागतं, दोन्हीकडे सारखा असलेला आवाज उचलून सेंटरला देतं. जुने सिनेमे तर मुळात मोनोच, दोन्हीकडे एकसारखेच, म्हणजे पूर्ण आवाज सेंटरमधून. मागचे गप्प राहतात आणि ते तसंच बरोबर आहे. ही गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नव्हती. आता गेमला ५.१, बाबांना स्टिरिओ, डीव्हीडी असेल तर पासथ्रू. यूट्यूब आणि ब्राउझरमधलं जवळपास सगळं स्टिरिओच येतं, त्यामुळे रोजच्याला स्टिरिओवर सोडून दिलेलं बरं.

सेटिंग बदललं आणि नायिकेचा आवाज मॉनिटरच्या खालून, पडद्यातूनच यावा तसा आला. बाबा खुर्चीत होते. एरवी सवयीने हात कानामागे जातो तो मांडीवरच राहिला. दोन संवाद झाले, मग पुढचा संवाद तिच्या आधी बाबांनीच म्हटला, पाठ होता त्यांना. आई दाराशी उभी होती, ती आत येऊन बसली. काकांनी तेव्हा कुठे चहा घेतला.

तक्रार म्हणाल तर दोन छोट्या. रिसीव्हर भयंकर तापतो, वर वीतभर मोकळी जागा ठेवावी लागते आणि आमच्या कपाटाची एक फळी त्यासाठी काढावी लागली. आणि काका एकटेच आहेत, व्हिजिटसाठी आठ-दहा दिवस थांबावं लागतं, त्यांनी नाव-नंबर टाकू नकोस असं सांगितलंय, फोन वाढले तर हातातली कामं रखडतात म्हणून. पैशांचं म्हणाल तर रिसीव्हर-स्पीकर १६,०००, व्हिजिट ५००, चांगली तीन मीटरची एचडीएमआय ६००, वायर आणि आयसोलेटर मिळून हजाराच्या आत. ऑक्स आणि ऑप्टिकलवर गेलेले ११०० मी ह्यात धरत नाही, ते तुम्हाला लागणार नाहीत. पावसात गडगडायला लागलं की प्लग आणि टीव्हीची वायर दोन्ही काढून ठेवते, आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही सवय लावूनच घ्यावी लागते.

मागचे दोन स्पीकर अजून स्टुलांवरच आहेत. चिरा सुकला की डिसेंबरात येऊन भिंतीवर लावून देतो म्हणालेत, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तुमच्या गावातही असे कुणीतरी रिपेअरवाले असतीलच, त्यांच्याकडे जाताना कॉम्प्युटरच्या आणि रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटो मोबाईलवर काढून न्या, आणि दुपारी एक ते चार जाऊ नका, बंद असतं.